वाहनतळ कोणाचा, रस्ता कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



शहराच्या मध्यवर्ती भागाचा पुनर्विकास म्हटला की सार्वजनिक चर्चा ठरावीक वळणाने जाते. इमारती किती उंच आणि घरे किती, हे झाले की प्रश्न येतो तो गाड्या कोठे उभ्या राहणार आणि रस्त्यावरची कोंडी कशी फुटणार, हा. प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो, म्हणून तो अभियंत्यांवर सोपवून सर्वजण मोकळे होतात. वस्तुतः तो जमिनीच्या वाटपाचा, म्हणजेच राजकारणाचा प्रश्न आहे. मुंबईच्या गिरणगावाइतके त्याचे ढळढळीत उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

परळ, लालबाग, शिवडी हा परिसर मुळात पायी चालणाऱ्यांचा होता. भोंगा वाजला की कामगार चाळीतून निघे आणि काही मिनिटांत गिरणीच्या फाटकाशी पोहोचे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्यांच्या जमिनीचे साधारणतः तीन वाटे ठरविले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली हा नियम बदलण्यात आला आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९६ मध्येच गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करण्याचा आग्रह धरला होता. प्रत्यक्षात प्रत्येक भूखंड सुटा सुटा विकसित झाला.

गिरण्यांच्या जागी कचेऱ्या उभ्या राहिल्या. तेथे काम करणारा माणूस मात्र आता शेजारच्या चाळीत राहत नाही. तो डोंबिवलीहून, विरारहून लोकलने येतो. म्हणजे कोंडी आभाळातून पडली नाही, ती जमिनीच्या धोरणातून जन्मली. या माणसासाठी रेल्वेचे जिने आणि पूल रुंद झाले काय? २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. त्यानंतर लष्कराला पाचारण करून नवा पादचारी पूल बांधण्यात आला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. जे काम काही महिन्यांत होऊ शकत होते, त्यासाठी २३ माणसांना प्राण गमवावे लागले.

मोटारींसाठी शासनाने एवढी वाट पाहिली नाही. सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेला विनामूल्य देणाऱ्या विकासकाला वाढीव चटईक्षेत्र देण्याची तरतूद २००८ मध्येच झाली. वाहनतळ जनतेच्या नावाने आला आणि उंच मनोरे विकण्याचा हक्क विकासकाला मिळाला. रस्त्यावर गाडी फुकट उभी करता येत असताना पैसे भरून आत कोण जाणार? अखेर जुलै २०१९ मध्ये महापालिकेने या वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत बेकायदा गाडी लावणाऱ्यांवर ५ हजारांपासून २३ हजारांपर्यंत दंडाची घोषणा केली. आधी वाहनतळासाठी चटईक्षेत्र वाटायचे आणि मग ते भरण्यासाठी दंडुका उगारायचा, अशी ही नियोजनाची तऱ्हा.

थोडे गणित मांडून पाहावे. एका मोटारीची जागा आणि तेथवर जाण्याचा मार्ग धरला तर अडीचशे ते तीनशे चौरस फूट लागतात. गिरणी कामगारांना सोडतीत जी घरे मिळाली, ती २२५ चौरस फुटांची. ज्याच्या घामावर हे शहर उभे राहिले, त्याच्या कुटुंबापेक्षा उभ्या मोटारीला अधिक जागा मिळते. शिवाय नियमानुसार आवश्यक असलेली वाहनतळाची जागा चटईक्षेत्रात मोजली जात नाही. घर मोजून मिळते, गाडीला मोकळीक मिळते.

यावर कोणी म्हणेल, आज चाळीतल्या तरुणाकडेही दुचाकी आहे, टॅक्सीचालकाची टॅक्सी हे त्याच्या पोटाचे साधन आहे. त्यांनी गाडी कोठे लावावी? आक्षेप रास्त आहे आणि त्याची टिंगल करणे कार्यकर्त्याला शोभणार नाही. टॅक्सी, टेम्पो, रुग्णवाहिका, अपंगांचे वाहन यांना हक्काची जागा हवीच. परंतु नियम असा आहे की घर जितके मोठे, तितक्या गाड्यांच्या जागा अधिक. गरजेचा निकष लावला तर हा क्रम उलटा होईल.

तेव्हा जनसुनावणीत कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. पहिली, वाहतुकीचा अभ्यास मंजुरीपूर्वी मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि त्यात माणसे मोजली जावीत. आज रस्त्याची मोजणी मोटारीचे एकक धरून होते. तीत पायी चालणारा शून्य असतो. दुसरी, मोटारीच्या जागेचे मोल वेगळे आकारले जावे आणि ते पदपथ व बससेवेवर खर्च व्हावे. २०१० च्या सुमारास चार हजारांहून अधिक असलेला बेस्टचा ताफा तीन हजारांच्या खाली आला आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. बस आकसली की दुचाकी वाढते, आणि दुचाकी वाढली की वाहनतळाची ओरड होते. तिसरी, स्थानकाचे पूल आणि जिने आधी, चटईक्षेत्र नंतर, असा क्रम बंधनकारक व्हावा.

हरकती नोंदवून काय साधणार, असे निराशेने विचारले जाते. १९६६ च्या नगररचना कायद्याने नियमातील फेरबदलावर हरकत घेण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला आहे. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा हजारो हरकतींपुढे शासनाला मागे घ्यावा लागला. तो हक्क वापरण्यासाठी वस्ती-वस्तीत बसून नकाशा वाचावा लागतो, अर्ज लिहावे लागतात, आणि सुनावणीच्या दिवशी सभागृह माणसांनी भरावे लागते. विकासकाचा प्रतिनिधी तेथे न चुकता हजर असतो. पुलावरून रोज जाणारी माणसे तेथे नसली, तर रस्ता कोणाचा याचा निर्णय त्यांच्या अनुपस्थितीत होत राहील.