लहान विभागाचा हिशेब
(महाविद्यालयाच्या राज्यशास्त्र विभागाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



ज्या वर्गात हाती खडू घेऊन उमेदीची वर्षे गेली, तेथेच आज आपल्यासमोर उभे राहण्याचा योग आला, याचा मनस्वी आनंद होतो. आपला विभाग लहान. दोन प्राध्यापक, पुस्तकांची तीन कपाटे आणि दारालगतचे भित्तिपत्रक, एवढाच त्याचा संसार.

अशा प्रसंगी हमखास विचारले जाते की, या विभागाने किती आमदार घडविले, किती अधिकारी दिले? प्रांजळपणे सांगतो, आपल्या यादीत मोठी नावे फारशी नाहीत. शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, कचेरीतील लिपिक आहेत, ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत. तरीही या विभागाचा हिशेब तोट्याचा आहे, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे अभिरूप संसद भरत असे. प्रत्येकाला पंतप्रधान व्हायचे असे. विरोधी पक्षनेता होण्यास कोणीही राजी नसे. तेव्हा आम्ही पायंडा पाडला की, ज्याचा अभ्यास सर्वांत चांगला, त्याने विरोधी बाकावर बसायचे. संसदेतील विरोधी पक्षनेतेपदाला १९७७ च्या कायद्याने मान्यता दिली, हे तेव्हा मुलांना प्रथमच कळे. प्रश्न विचारणे हे शत्रुत्व नसून ते एक घटनात्मक काम आहे, हा धडा पुस्तकापेक्षा त्या बाकावर अधिक ठसला.

एक कबुलीही देतो. ७३ वी घटनादुरुस्ती मी वर्षानुवर्षे उतरवून देत असे. १९९२ मध्ये संमत, २४ एप्रिल १९९३ पासून अमलात, अकराव्या अनुसूचीत २९ विषय. एके दिवशी मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आमच्या गावची ग्रामसभा कधी भरते? तिचे इतिवृत्त मला वाचायला मिळेल का?" मी निरुत्तर झालो. ग्रामसभेवर शिकविणारा मी, एकाही ग्रामसभेत कधी बसलो नव्हतो! त्या वर्षापासून तृतीय वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका ग्रामसभेला उपस्थित राहून तिचा वृत्तांत लिहावा, असे ठरले. किती वेळा सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, नियमित सभेपूर्वी घ्यावयाची महिलांची सभा खरोखर झाली की कागदावरच उरकली, हे मुले स्वतः पाहून लिहू लागली.

महाराष्ट्रात २०११ मध्ये स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा मिळाल्या. त्यानंतर आपली एक विद्यार्थिनी ग्रामपंचायतीवर निवडून आली. एके सायंकाळी न झालेल्या सभेची वही सहीसाठी तिच्या घरी आली. तिने सही नाकारली. घरातून दडपण आले, गावातून बोलणी ऐकावी लागली. पुढच्या निवडणुकीत ती पराभूत झाली. मला भेटली तेव्हा म्हणाली, "सर, कलम काही आठवले नाही. पण सभेशिवाय इतिवृत्त होत नाही, एवढे वर्गात पक्के झाले होते." आज ती सदस्य नाही, पण प्रत्येक ग्रामसभेला जाते आणि उभी राहून प्रश्न विचारते. माझ्या लेखी या विभागाची ती सर्वांत मोठी पदवी आहे.

मित्रांनो, आज चित्र चिंतेचे आहे. कला शाखेकडील ओढा ओसरत आहे, विभागाच्या वर्गातील बाके रिकामी पडत आहेत. नोकरी न देणारा विषय कशाला चालवायचा, असे विचारले जाते. प्रश्न विचारणाऱ्या पालकांना मी दोष देत नाही. त्यांची काळजी खरी आहे. परंतु अठराव्या वर्षी मताचा अधिकार १९८९ पासून सर्वांना आहे. तो कसा वापरावा, हे शिकविणारा वर्गच बंद झाला, तर त्याची किंमत गावाला मोजावी लागेल.

म्हणून माजी विद्यार्थ्यांकडे माझे मागणे देणगीचे नाही. आपापल्या गावच्या ग्रामसभेला, नगरपालिकेच्या सभेला दरवर्षी या विभागाचे दोन विद्यार्थी सोबत न्या. त्यांना शेजारी बसवा, जुनी इतिवृत्ते दाखवा. मोठ्या इमारतीपेक्षा या सोबतीने आपला लहान विभाग अधिक काळ तग धरील, असा मला विश्वास वाटतो.