कठडा नसलेली विहीर



कोणत्या विषयावर बोलणार, असं संयोजकांनी विचारलं तेव्हा कॅमेरे आणि लेन्स सोडून काहीही, एवढंच सांगितलं होतं. त्यातलं तुम्हा तरुणांना माझ्याहून जास्त कळतं. मला बोलायचंय ते जखमी आणि सुटका केलेल्या वन्यजीवांच्या फोटोंबद्दल. यंदा आपल्या छायाचित्रकार संघटनेच्या स्पर्धेत असे फोटो पुष्कळ आले आणि ते बघताना मी अस्वस्थ होत गेलो.

जुन्नर, सिन्नर भागात विहिरीत बिबट्या पडला की काय होतं, हे इथल्या बहुतेकांनी पाहिलंय. वनखात्याची माणसं पोचेपर्यंत गावकरी दोराने बाज किंवा फळी सोडतात. पोहून दमलेला प्राणी तिच्यावर टेकतो. मग पिंजरा उतरवतात, तो आत शिरला की दार पाडतात. तोवर काठावर गाव लोटलेलं आणि निम्मे हात मोबाइल धरून वर. फोटो हमखास मिळतो : हिरवट पाणी, वर रोखलेले डोळे, वासलेला जबडा. बिबट्या निघाला, गर्दी पांगली, की विहीर होती तशीच उघडी राहते. यंदाच्या एकाही फोटोत मला त्या विहिरीचा काठ दिसला नाही. विहिरीला कठडा असता तर बिबट्या बहुधा पडलाच नसता, पण ते सांगणारा काठ आपण कापून टाकतो.

माझी तक्रार एवढीच आहे. जखम आपण जवळून टिपतो आणि ती कशाने झाली ते चौकटीबाहेर ठेवतो.

ताडोबा परिसरातल्या साहेबराव वाघाचं उदाहरण घ्या. २०१२ मध्ये शिकाऱ्यांच्या सापळ्यात त्याचा पंजा अडकला आणि बोटं गेली. जानेवारी २०२० मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात त्याला कृत्रिम पंजा बसवला. शुद्धीवर आल्यावर त्याने तो झटकून टाकला. टेबलावर बेशुद्ध वाघ, भोवती डॉक्टर, हे फोटो सर्वत्र छापून आले. ते छापायलाच हवे होते. पण ज्या लोखंडी सापळ्याने हे केलं त्याचा फोटो कुणी पाहिलाय? मी तरी नाही. संक्रांतीचंही तेच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी दरवर्षी चिरलेल्या पंखांच्या घारी उपचाराला येतातच. आपण घारीचा फोटो काढतो. मांजाचं रीळ विकणाऱ्या दुकानाचा काढत नाही, कारण तिथे प्रकाश बरा नसतो आणि दुकानदार ओळखीचा असतो.

आता आपल्या जागेबद्दल. बचावाच्या ठिकाणी आपण रांगेत शेवटचे, हे एकदा मान्य करू या. हरणाला पकडताना दगदग झाली तर त्याचे स्नायू आतून नासतात, मूत्रपिंडं निकामी होतात आणि ते काही तासांनी, कधी काही दिवसांनी मरतं. पशुवैद्य याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. तोवर आपण फोटो टाकून लाइक मोजत बसलेले असतो. डोळ्यांवर फडकं टाकतात ते प्राण्याला शांत ठेवायला. चांगल्या फोटोसाठी ते जरा बाजूला करा म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. आपल्याच संघटनेतले, दुर्दैवाने.

ऊसतोडणीत बिबट्याचे बछडे सापडतात तेव्हा तर आपण तिथून निघून जाणं हेच काम असतं. पशुवैद्य तपासतात, मग संध्याकाळी बछडे क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात. माणसं हटली की रात्री आई येते आणि एकेकाला तोंडात धरून नेते. हा फोटो ट्रॅप कॅमेरा काढतो. करडा, हलका धूसर, कोपऱ्यात तारीख-वेळ, छायाचित्रकाराचं नाव नाही. मी परीक्षक असतो तर पहिलं बक्षीस त्याला दिलं असतं.

असं काम जवळून करताच येत नाही असं नव्हे. चीनमध्ये वोलोंगला निसर्गात सोडायच्या पांडांना माणसाची सवय लागू नये म्हणून सांभाळणारे पांडाचा वेश चढवतात, त्याला पांडाच्या मूत्राचा वास लावतात. छायाचित्रकार अमी व्हिटाली हिने ते काम टिपलं तेव्हा तिनेही तसाच वेश घातला. तिच्या फोटोंत तो वेशातला माणूस स्पष्ट दिसतो, थोडा विनोदीही. पुनर्वसनात माणसाला काय काय करावं लागतं, ते त्यातून कळतं.

म्हणून एक ठराव आणतोय. पुढल्या वर्षापासून बचावाच्या प्रत्येक फोटोसोबत तीन गोष्टी लिहून द्याव्या लागतील : इजा कशाने झाली, फोटो कुणाच्या परवानगीने काढला आणि त्या प्राण्याचं पुढे काय झालं. प्राणी मेला असेल तर तेही लिहायचं. त्याने गुण कमी होणार नाहीत. प्राणी सोडल्याची नेमकी जागा मात्र लिहायची नाही. आणि इजेच्या कारणाचा फोटो सोबत जोडला नसेल, तर मुख्य फोटो विचारात घेतला जाणार नाही.

यावर वाद होईल, तो व्हावा. संध्याकाळच्या खुल्या सत्रात ठराव मांडतो. सूचक मी आहे, अनुमोदक हवा आहे.