भुंगेऱ्याची शेती

लाकूड पोखरणारा किडा लाकडावरच जगत असणार, असे कोणालाही वाटेल. परंतु श्रोतेहो, भुंगेऱ्यांच्या काही जाती खोडात बोगदे खणतात, भुसा बाहेर लोटतात आणि बोगद्याच्या भिंतींवर बुरशीची लागवड करतात. तीच त्यांचे व त्यांच्या अळ्यांचे अन्न. तिचे बियाणे वाहून नेण्यासाठी यांतील पुष्कळ जातींच्या अंगावर बारीक पिशव्या असतात. 1836 साली श्मिडबर्गर या ऑस्ट्रियन निरीक्षकाने बोगद्यातील लेपास 'अँब्रोशिया', म्हणजे ग्रीक देवांचे अन्न, असे नाव दिले. हा लेप बुरशीचा आहे, हे हार्टिगने 1844 साली ओळखले. नाव मात्र तोवर चिकटले होते.

मायदेशी हे भुंगेरे बहुधा मरू घातलेल्या वा नुकत्याच पडलेल्या झाडावर संसार थाटतात. परमुलखात गोष्ट पालटते. आशियातील अशीच एक जात 2002 साली अमेरिकेतील जॉर्जियात आढळली. तिच्याबरोबरची बुरशी तेथील रेडबे वृक्षांना अनोळखी होती. ती पसरू नये म्हणून झाड आपल्याच जलवाहिन्या बंद करू लागते आणि अखेर तहानेने मरते. असे कोट्यवधी वृक्ष गेले. या जातीची मादी आपल्याच मुलाशी वा भावाशी संग करून वंश वाढवू शकते. त्यामुळे एकटी मादी आली तरी नवी वसाहत उभी राहते.

भारतातही उलट दिशेने पाहुणा आला. मध्य व दक्षिण अमेरिकेतील युप्लॅटिपस पॅरॅलेलस हा भुंगेरा 2012 साली गोव्यात फोंडा येथे काजूच्या झाडांवर नोंदला गेला. काजूही मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. माहेरचे माणूस शोधीत आले म्हणावे, तर हा भुंगेरा एकाच झाडाशी एकनिष्ठ नाही. पुढे केरळात रबराच्या झाडांवर तो सापडला, आणि त्याच्यासोबत फ्युझेरियम बुरशीही. महाराष्ट्रात डाळिंबाच्या मर रोगाने वाळणाऱ्या झाडांवर खोडाला बारीक छिद्रे पाडणारा भुंगेरा दिसतो, हे बागाईतदारांस ठाऊक आहेच.

एकदा किडा खोडात शिरला की वरची फवारणी त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. टाचणीएवढे छिद्र आणि त्यातून बाहेर आलेली भुशाची शेवई दिसली, तर बाधित फांदी कापून जाळणे बरे. परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांचे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापविण्याची आंतरराष्ट्रीय रीत आहे. सालीसकट ट्रकमधून गावोगाव जाणाऱ्या जळणाच्या ओंडक्यांना मात्र कोणी तापवीत नाही.