कूपर्सटाउनचा दरबार

न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या लहानशा गावी १९३९ साली उघडलेल्या बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये कोणत्या निवृत्त खेळाडूस स्थान द्यावे, यावरून अमेरिकेतील रसिक दर हिवाळ्यात हमरीतुमरीवर येतात. खेळाडू निवृत्त होऊन पाच वर्षे लोटली की क्रीडालेखक त्याच्यावर मतदान करतात. शेकडा ७५ मते पडली तर प्रवेश, शेकडा ५ पेक्षा कमी पडली तर नाव त्या पत्रिकेवरून कायमचे खारीज. ७६२ होमरन मारूनही उत्तेजक द्रव्यांच्या संशयापायी दाराबाहेर राहिलेल्या बॅरी बाँड्सचा वाद मी बाजूस ठेवतो. नीतीचा प्रश्न निघाला की मत नसलेला मनुष्य सापडणे दुर्घट.

मला अधिक उद्बोधक वाटते ती डेट्रॉइट टायगर्सची जोडी. शॉर्टस्टॉप ॲलन ट्रॅमेलने चेंडू उचलून सेकंड बेसवरील लू व्हिटेकरकडे द्यावा आणि त्याने तो पहिल्या बेसकडे भिरकावून एकाच फटक्यावर दोन गडी बाद करावेत, हा क्रम १९७७ पासून १९९५ पर्यंत चालला. दोघांचे पदार्पण एकाच दिवशी. एकाच्या नावावर २३६५ हिट, दुसऱ्याच्या २३६९. होमरन तर व्हिटेकरचेच अधिक. तथापि २००१ साली त्याला शेकडा ३ मतेही पडली नाहीत आणि पहिल्याच वर्षी त्याची फाइल बंद झाली. ट्रॅमेललाही लेखकांनी पंधरा वर्षांत कधी शेकडा ४१ मते दिली नाहीत. परंतु नाव पत्रिकेवर राहिले, चर्चा राहिली, आणि २०१७ च्या डिसेंबरात जुन्या खेळाडूंची प्रकरणे पुनश्च तपासणाऱ्या समितीने त्याला आत घेतले.

मुदत मिळाली की काय घडते, याचा दाखला डेन्व्हरच्या संघाकडून खेळलेला लॅरी वॉकर. तेथील मैलभर उंचीवरील विरळ हवेत चेंडू दूर जातो, म्हणून त्याच्या फटक्यांची किंमत कमी धरावी, असा आक्षेप होता. २०१४ साली त्याला शेकडा १० मते होती. २०२० साली, अखेरच्या संधीस, ती ७६.६ झाली. मध्यंतरी या गृहस्थाने एक चेंडूही टोलवला नव्हता! हवेची वजावट करूनही त्याच्या खात्यात पुष्कळ शिल्लक उरते, एवढे मतदारांच्या गळी उतरण्यास दहा हिवाळे लागले.

व्हिटेकरला असा दुसरा हिवाळा लाभलाच नाही, हीच त्याच्या पक्षकारांची खरी फिर्याद आहे, आणि ती मला सर्वथा न्याय्य वाटते. शेकडा पाचाची अट पहिली तीन वर्षे तरी लागू करू नये. २०१९ च्या डिसेंबरात त्याचेही प्रकरण समितीपुढे आले, तेव्हा सोळांपैकी बारा मतांची आवश्यकता असता त्याच्या वाट्यास सहाच आली. टायगर्सच्या रसिकांची वकिली मात्र अद्याप चालू आहे.