रेस सोडली की बंद पडणारी मोटारसायकल

 

आज आम्ही बोलणार आहोत घरातल्या जुन्या मोटारसायकलीबद्दल. तुम्ही म्हणाल, हा तर पुरुषांचा विषय. पण सकाळी दुधाचे कॅन डेअरीला जातात ते याच गाडीवर. आपल्या पापड-शेवयांची पोती बाजाराला आणि आजारी लेकरू दवाखान्यात जातं तेही याच गाडीवर. शिवाय गाडी बिघडली की पैसे कुठून येतात? गटाच्या अंतर्गत कर्जातून. आमच्या बैठकीत ‘इंजिनकामासाठी कर्ज’ अशी मागणी बऱ्याचदा येते. म्हणून आम्ही ठरवलं, इंजिन खोलायच्या आधी काय बघायचं हे आपल्यालाही ठाऊक हवं.

तक्रार बहुधा एकच असते. गाडी पळताना बरी, पण रेस सोडली की धडधडते, गचके खाते आणि बंद पडते. हायवे ओलांडताना मध्येच अशी बंद पडली तर जिवावर बेतेल. त्यामुळे ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणू नका.

पुष्कळ जण यावर एकच उपाय करतात, स्क्रू पिळून रेस वाढवून ठेवतात. गाडी बंद पडायची थांबते, पण दुखणं तसंच राहतं. पेट्रोल जास्त जातं, गिअर टाकताना हिसका बसतो. ताप आल्यावर कपाळावर नुसती ओली पट्टी ठेवण्यासारखंच हे. तो स्क्रू सगळ्यात शेवटी.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात, पेट्रोल, हवा आणि ठिणगी. आपली चूलही अशीच असते. सरपण ओलं असलं किंवा वारा लागला नाही तर धूर होतो. याच क्रमाने, स्वस्तातून महागाकडे जायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे गुण कशाने आला ते कळतं.

आधी सावधगिरी. हे काम अंगणात करा, बंद खोलीत नको. सायलेन्सरच्या धुरात विषारी वायू असतो, त्याला वास नसतो. इंजिन गार होऊ द्या. चूल, विडी, काडेपेटी लांब ठेवा.

पहिलं, चोक. थंडीत सकाळी चोक ओढतो आणि परत बंद करायला विसरतो. मग गरम इंजिनाला पेट्रोल जास्त होतं, काळा धूर येतो. आधी ती पट्टी बघा.

दुसरं, पेट्रोल. टाकीत किती आहे? कॉक नीट उघडा आहे का? हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि ते पाणी ओढून घेतं. गाडी पावसात उभी असेल, बरेच दिवस बंद असेल, तर शंका घ्या. कार्बोरेटरच्या तळाला एक स्क्रू असतो. तो सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि बाटली स्थिर ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळं दिसतं.

तिसरं, एअर फिल्टर. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर तो लवकर तुंबतो. स्पंजचा फिल्टर धुता येतो, पण पूर्ण वाळवून आणि त्याला लागतं ते तेल लावून मगच बसवायचा. कागदी फिल्टर कधीही धुऊ नका. हलके झटका, फार मळला असेल तर बदला.

चौथं, प्लग. टोपी धरून ओढा, वायर धरून नको. प्लगचं टोक तांबूस-तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. काळं आणि तेलकट असेल, तर इंजिनातलं ऑईल वर येतंय, तिथे मिस्त्रीच हवा. प्लग बसवताना आधी हाताने आटे लावा, मग पाना. नवा प्लग शे-दीडशेत येतो.

पाचवं, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड. तिथले बोल्ट सैल झाले किंवा रबर तडकलं की हवा आत ओढली जाते आणि रेस आपोआप खालीवर होते.

हे सगळं ठीक असूनही गाडी पळताना बरी आणि थांबली की बंद पडत असेल, तर बहुधा कार्बोरेटरमधला स्लो जेट तुंबलेला असतो. त्याचं भोक अगदी बारीक असतं. त्यात सुई किंवा तार घालू नका, भोक मोठं होऊन काम वाढतं. मिस्त्रीकडून साफ करून घ्या. टॅपेट सेटिंगही त्यालाच तपासायला सांगा. गाडी चांगली गरम झाली की मगच रेसचा स्क्रू लावायचा.

एक लक्षात ठेवा. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आलं. अशा गाडीत कार्बोरेटरची ही कामं लागू पडत नाहीत.

मिस्त्रीकडे जाताना नुसतं ‘गाडी बिघडली’ म्हणू नका. गार असताना बंद पडते की गरम झाल्यावर? धूर कसला? काय काय बघून झालंय? कागदावर लिहून न्या. बदललेला जुना पार्ट मागून घ्या, बिल घ्या. नीट विचारणाऱ्या बाईला नीट उत्तर द्यावंच लागतं.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एक जुनी गाडी अंगणात उभी करा आणि प्लग, फिल्टर सगळ्या जणींनी हाताळून बघा. इंजिनकामाला कर्ज द्यायचंच असेल तर जरूर द्या, पण या पाच गोष्टी बघून झाल्यावर. आपली बचत थेंबाथेंबाने जमते, ती नुसत्या अंदाजावर खर्च व्हायला नको.