सोयीचं तेवढं ऐकू येतं?

हे भाषण लागल्यावर तुमच्यापैकी काहींनी रेडिओचा आवाज वाढवला असेल. तरीही मधूनच एखादं वाक्य हातचं निसटत असेल. आज मी बोलणार आहे ते त्या मंडळींसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी. रेडिओवर बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत, त्यामुळे ऐकू कमी येणाऱ्याला रेडिओ जास्तच अवघड जातो. म्हणून मी सावकाश बोलेन.

कान तपासायचे आणि श्रवणयंत्रं बसवून द्यायची, या कामात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. आता माझ्याही दोन्ही कानांना यंत्रं आहेत. वय झालं की गुडघ्यांबद्दल, रक्तदाबाबद्दल, साखरेबद्दल माणसं मोकळेपणानं बोलतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की अख्खी चाळ विचारपूस करून जाते. कानांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. दिसत नाही म्हटलं की लोक हात धरून रस्ता ओलांडून देतात. ऐकू येत नाही म्हटलं की हसतात. आपल्या नाटकांनी आणि चुटक्यांनी बहिऱ्या म्हाताऱ्याच्या जिवावर पुष्कळ हशे मिळवले आहेत. ते हशे आठवूनच कितीतरी माणसं तपासणीची पायरी चढत नाहीत, असं मला नेहमी वाटत आलंय.

मला आज सांगायचंय ते हे, की उतारवयात माणसाचा ‘स्वभाव बदलला’ असं घरातले म्हणतात, तेव्हा त्यातला मोठा भाग कानांचा असतो. आजोबा संशयी झालेत. दोघं हळू बोलत असली की आपल्याबद्दलच बोलतायत असं त्यांना वाटतं. आजी कीर्तनाला जात नाही. घरच्यांना वाटतं, देवाधर्मातलं मन उडालं. खरं तर सभामंडपात कर्ण्याचा आवाज इतका घुमतो की तिला बुवांचा एक शब्द कळत नाही, आणि सगळे हसले की आपणही हसायचं, याचा तिला वीट आलेला असतो. एखादे काका भेटले की एकटेच बोलत राहतात, दुसऱ्याला बोलूच देत नाहीत. आपण म्हणतो, किती बोलतात! त्यांच्या बाजूनं पाहा. जोवर ते बोलतायत, तोवर विषय त्यांच्या हातात आहे. समोरचा बोलू लागला की त्यांची परीक्षा सुरू होते.

आणि घराघरात ऐकू येणारं ते वाक्य: ‘सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं हं!’ हे वाक्य फार दुखावतं, आणि ते बहुतेक वेळा खोटं असतं. त्याचं कारण कानाच्या रचनेत आहे.

आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यात केसांसारखी टोकं असलेल्या अतिशय नाजूक पेशी असतात, एका कानात सुमारे १५ हजार. आवाजाची कंपनं त्या टिपतात आणि मेंदूकडे पाठवतात. माणसाच्या कानात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे, बारीक आवाज टिपतात, आणि वयाबरोबर आधी त्याच जातात. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात. स, श, च, ट, त, ख ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि क्षीण. त्यामुळे होतं असं की आवाज येतो, शब्द कळत नाही. पाट, ताट, खाट या तिन्ही शब्दांतला ‘आ’ तेवढा स्पष्ट पोचतो. बाकीचं मेंदूनं ओळखून घ्यायचं. बोलणं कशाबद्दल चाललंय ते ठाऊक असलं तर ओळखता येतं, नसलं तर चुकतं. म्हणून ओळखीच्या विषयावरचं ऐकू येतं आणि अचानक विचारलेलं येत नाही. समोर बसलेल्या मुलाचं भरदार बोलणं कळतं. स्वयंपाकघरातून, मिक्सर चालू असताना, पाठमोऱ्या सुनेनं म्हटलेलं कळत नाही. नातीचा आवाज तर बारीक, आणि त्यात ती भरभर बोलणार. यात सोय कुठे आली?

दुसरा एक प्रसंग तुम्ही पाहिलाच असेल. नात हळू बोलली, ऐकू आलं नाही. पुन्हा बोलली, नाही आलं. तिसऱ्यांदा ती ओरडली, तर आजोबा उसळून म्हणाले, ‘ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?’ सगळे हसले. पण आजोबा खरं तेच सांगत होते. या पेशी कमी झाल्या की हळू आवाज मुळीच पोचत नाही आणि मोठा आवाज मात्र एकदम अंगावर येतो. या दोहोंतली ऐकण्याची जागा अरुंद होऊन जाते. म्हणून ओरडण्याचा उपयोग नाही. ओरडण्यानं स्वर तेवढे फुगतात, व्यंजनं होती तिथेच राहतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्यावर कुणी रागावलंय.

वय हे एकच कारण नसतं. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांवर ज्यांनी जन्म काढला, त्यांचे कान साठीच्या बरेच आधी थकतात. मधुमेहानं कानाला त्रास होतो, काही औषधांनीही होतो. कधी नुसता मळ साठलेला असतो आणि तो काढला की पाच मिनिटांत जग पुन्हा बोलू लागतं. पण घरी काडी घालून तो काढायच्या फंदात पडू नका. आणि एका कानाचं ऐकणं एकाएकी, एक-दोन दिवसांत गेलं, तर ते वयानं झालं म्हणून बसू नका. ती तातडीची गोष्ट आहे. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. उपचार जितके लवकर, तितकी आशा जास्त.

मला खरी काळजी वाटते ती घरातल्या बोलण्याची. ऐकू कमी आलं की महत्त्वाचं बोलणं बंद होत नाही. ते लोक ओरडून का होईना सांगतात. ‘जेवायला चला.’ ‘गोळी घेतली का?’ ‘उद्या बँकेत जायचंय.’ बंद होतं ते बिनमहत्त्वाचं बोलणं. शेजारच्यांच्या मांजरीला पिल्लं झाली, भाजीवाला आज काय म्हणाला, लग्नात कुणी कसली साडी नेसली होती, हे कुणी ओरडून सांगत नाही. नवराबायकोंची वर्षानुवर्षांची जवळीक अशाच हलक्या आवाजातल्या, अर्ध्या वाक्यांवर उभी असते. ती गेली की उरतात नुसत्या सूचना. आणि सगळ्यात जिव्हारी लागतं ते हे: आपण विचारावं, ‘काय म्हणालीस?’ आणि उत्तर यावं, ‘जाऊ दे, काही विशेष नाही.’ म्हणणारीच्या मनात काही नसतं. ऐकणाऱ्याला मात्र आपण मोजणीतून वगळलो गेलो असं वाटतं. चार वेळा असं झालं की माणूस विचारणं सोडतो आणि ‘हो, हो’ म्हणायला शिकतो. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांनाही तो ‘हो, हो’ म्हणतो, आणि तिथे ते धोक्याचं ठरतं. मग घरात कुजबुज सुरू होते, ‘बाबांना हल्ली काही कळेनासं झालंय.’

कान आणि मेंदू यांचा संबंध आहेच. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या पण आपल्याला काही करता येण्याजोग्या १४ गोष्टी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या आयोगानं २०२४ साली सांगितल्या, त्यांत ऐकू कमी येणं आहे. याचा अर्थ ऐकू कमी येणाऱ्या प्रत्येकाची स्मृती जाणार असा मुळीच नाही. पण उपाय करता येतो, तर तो वेळेवर करायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं साठीच्या पुढच्या दर १०० माणसांत २५हून अधिकांचं ऐकणं अडचण होण्याइतकं कमी झालेलं असतं. म्हणजे हे तुमच्या एकट्याचं नाही.

श्रवणयंत्र लावलं की पहिले काही दिवस नकोसे होतात, हे आधीच सांगते. कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट, स्वतःच्या चपलांचा आवाज, वर्तमानपत्राची सळसळ, सगळं एकदम चालून येतं. मेंदूला त्या आवाजांची सवय राहिलेली नसते. इथेच बरेच जण यंत्र काढतात आणि डबीत घालून कपाटात ठेवतात. ते कपाटात जाऊ देऊ नका. आधी शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना लावा, मग वेळ वाढवा, आणि बसवून देणाऱ्याकडे पुन्हापुन्हा जाऊन ते जुळवून घ्या. तो त्याच्या कामाचा भाग आहे, भीड धरू नका. मेंदूला रुळायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. यंत्रानं तरुणपणीचे कान परत येत नाहीत. बोलणं मात्र परत येतं.

घरच्यांनी करायचं ते फार नाही. बोलण्याआधी नाव घेऊन हाक मारा, समोर या, तोंडावर उजेड असू द्या, टीव्ही बंद करा. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. आणि ‘जाऊ दे’ म्हणू नका. मांजरीच्या पिल्लांचंही सांगा.

तपासणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होते. मुंबईत वांद्र्याला १९८३पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवणाचंच काम करते. बेताची कमाई असलेल्या ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७पासून आहे. तिच्यातून मोफत मिळणाऱ्या साधनांत श्रवणयंत्रही आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीच्या पुढच्यांना अशा साधनांसाठी ३,००० रुपये देण्याची तरतूद आहे. कुठे जायचं हे उमगत नसेल तर ज्येष्ठांच्या १४५६७ या मदतक्रमांकावर विचारा. तुमच्या वतीनं घरच्या कुणी फोन केला तरी चालतो.

तपासणीला एकटे जाऊ नका. यंत्र जुळवताना तज्ज्ञ स्वतः बोलून पाहतात, पण तुम्हाला दिवसभर त्यांचा आवाज ऐकायचा नसतो. ज्याचा ऐकायचा असेल, ती बायको असो, सून असो की नात असो, तिला सोबत न्या, खोलीत शेजारी बसवा, आणि तिला रोजच्यासारखं, हळू आवाजात काहीही बोलायला सांगा. यंत्र त्या आवाजावर जुळलं पाहिजे.