बियाणे कोणाचे?

२००२ साली बीटी कापसाला सरकारी मान्यता मिळाली. आरंभी फवारण्या घटल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे तंत्र आले ते संकरित वाणांतून. संकरित बियाण्याचे गुण पुढील पिढीत टिकत नाहीत. त्यामुळे बियाणे राखून पेरण्याचा २००१ च्या कायद्याने दिलेला हक्क कापूस उत्पादकापुरता कागदावरच राहिला आणि दर मृगाला दुकानाची पायरी चढणे आले. पुढे गुलाबी बोंडअळी या तंत्रालाही पुरून उरली; २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यातील बोंडे तिने पोखरली.

आमचा विरोध विज्ञानाला नाही. अळीचा जोर वाढण्याआधी वेचणीस येणारे, राखून पेरता येणारे सरळ वाण सार्वजनिक संशोधनसंस्थांनी पुरवावेत, ही आमची मागणी आहे. ज्याच्या हाती बियाणे नाही, त्याची शेती टिकणार कशी?